बाळाच्या फोटोचे किती घ्यायचे?

सांगलीकडच्या एका मैत्रिणीचं पत्र आलंय, वय ३१. पुण्यात नोकरी होती, मुलगी झाल्यावर सोडली आणि गावी परत आली. न्यूबॉर्न फोटोग्राफीचा कोर्स केला, कॅमेरा, लेन्स, लाइट, लॅपटॉप, प्रॉप्स सगळं धरून २ लाख ४० हजार घातले. दोन वर्षं झाली. बाळाच्या घरी जाऊन शूट करते, २५ एडिट केलेले फोटो, एक छोटा अल्बम आणि वर सगळे ओरिजिनल फोटो पेनड्राइव्हवर, असं सगळं मिळून ३,५०० रुपये घेते. महिन्याला पंधराएक एन्क्वायरी येतात, त्यातली सातेक शूट होतात. ती लिहिते, काम भरपूर आहे पण महिनाअखेरीला हातात काहीच दिसत नाही. नवरा म्हणतो रेट कमीच ठेव, शूट वाढव. सासूबाई म्हणतात तान्ह्या बाळाच्या फोटोचे एवढे पैसे मागवतात तरी कसे. कोर्समधल्या पुण्याच्या मैत्रिणी १५-२० हजार घेतात. मागच्या महिन्यात धीर करून ९,००० सांगितले तर लागोपाठ तिघींनी मेसेज वाचून उत्तरच दिलं नाही. आता परत ३,५०० वर यावं की ९९९ ची ऑफर टाकावी? "ताई, एक आकडा सांगा ज्याला लोक नाही म्हणणार नाहीत."

तू ताई म्हणालीस म्हणून मी सरळ अगंतुगं करते, चालवून घे.

ज्याला कुणीच नाही म्हणणार नाही असा आकडा शून्य आहे, आणि खरं सांगू का, फुकट म्हटलीस तरी दोघीतिघी म्हणतील नको बाई, दृष्ट लागते. तेव्हा तो शोध सोडून देऊ. मला तुझ्या पत्रात दुसरीच गोष्ट खटकली. पत्र चांगलं लांबलचक आहे, नवरा काय म्हणतो, सासू काय म्हणते, पुण्याच्या मुली काय घेतात, गिऱ्हाईक काय म्हणतं (म्हणजे काय म्हणत नाही) सगळं आहे त्यात, पण एका शूटला तुझा स्वतःचा किती वेळ आणि किती पैसा जातो हे एका ओळीतही नाही. म्हणजे रेट ठरवताना तू सगळ्यांना विचारलंस, फक्त स्वतःच्या वहीला विचारलं नाहीस. मग मीच तुला मेसेज करून खोदून खोदून विचारलं आणि तू दिलेल्या आकड्यांवरून हा हिशेब मांडलाय, एकदा नीट बघ.

जायला-यायला २ तास. शूट ४ तास, कारण बाळ आपल्या वेळापत्रकाने चालत नाही, मधे दूध, मधे शी-शू, मधे रडारड, मग परत झोपायची वाट. घरी आल्यावर रॅप, दुपटी, चादरी धुणं वाळवणं इस्त्री १ तास. फोटो निवडणं १ तास. एडिटिंग एका फोटोला १५ मिनिटं म्हणालीस (तान्ह्या बाळाची त्वचा लाल-पिवळी, पापुद्रे निघालेले, त्याला वेळ जातोच), तर २५ फोटोंचे ६ तास धर. अल्बमचं डिझाइन आणि "हा फोटो काढून तो घाला ना" हे २ तास. फोन, व्हॉट्सॲप, पत्ता विचारणं, तारीख बदलणं १ तास. झाले १७ तास. तुझ्या डोक्यात एक शूट म्हणजे चार तास असतात, आणि बाकीच्या १३ तासांतले बरेचसे मुलगी झोपल्यावर रात्री होतात म्हणून ते तुला काम वाटतच नाहीत, घरातल्यांना तर नाहीच नाही.

आता खर्च. पेट्रोल ३००, मदतीला येणाऱ्या मुलीला ५००, अल्बमची छपाई ९५०, पेनड्राइव्ह ३००, वाइप्स, सॅनिटायझर, साबण असलं किरकोळ १५०. बेरीज २,२००. म्हणजे ३,५०० मधले राहिले १,३००.

पण थांब, अजून २ लाख ४० हजारांचं सामान आहे. ते काही जन्मभर पुरणार नाही. मधल्या रेंजच्या बऱ्याच कॅमेऱ्यांचं शटर साधारण दीड-दोन लाख क्लिकचं म्हणून सांगतात आणि तू एका शूटला हजारभर क्लिक करतेस, लॅपटॉप तर त्याच्याही आधी रडायला लागतो. सगळं सामान चार वर्षं पुरतं असं धरलं तर वर्षाला ६० हजार, म्हणजे महिन्याला ५,०००. एडिटिंग सॉफ्टवेअर, हार्डडिस्क, फोनचा रिचार्ज आणि इन्स्टावरच्या जाहिराती मिळून महिना २,५००, नवीन प्रॉप्स १,०००. हे झाले ८,५००, आणि हे शूट झालं तरी लागतात, नाही झालं तरी लागतात. सात शूटमध्ये वाटले तर एका शूटवर १,२०० च्या वर जातात. १,३०० मधून ते वजा कर. एका शूटमागे ८६ रुपये उरतात गं. सतरा तासांचे. तासाला पाच रुपये. महिन्याला सात शूट करून ६०० रुपये.

त्यामुळे हातात काही दिसत नाही असं जे तू लिहिलंयस ते तुझ्या उधळपट्टीमुळे नाही आणि तुला पैसे सांभाळता येत नाहीत म्हणूनही नाही. हातात यायला मुळात काही उरतच नाहीये. आजवर हा धंदा तुझ्या जुन्या नोकरीतल्या बचतीवर आणि नवऱ्याच्या पगारावर चाललाय, म्हणजे तुझ्या गिऱ्हाइकांच्या बाळांचे अल्बम तुम्ही दोघं मिळून स्पॉन्सर करताय. हे नवऱ्याला एकदा कागदावर दाखव. रेट कमी ठेवून शूट वाढव हा सल्ला तो तुझ्या भल्यासाठीच देतोय, आणि पासपोर्ट फोटोच्या दुकानात तो बरोबरही आहे, तिथे एका गिऱ्हाइकाला पाच मिनिटं लागतात. तुझ्याकडे १७ तास लागतात. मुलगी सांभाळून तुला दिवसाला पाच तास मिळतात म्हणालीस, महिन्याचे २५ दिवस धरले तर १२५ तास, त्यातले २० तास एन्क्वायऱ्या, पोस्ट, हिशेब यात जातात, उरले १०५. म्हणजे महिन्याला सहा शूट, बस. सातवं आत्ताच झोपेतून काढतेयस. वाढवायला जागाच नाहीये.

आता उलटीकडून जाऊ. महिन्याला तुझ्या हातात किती आले तर तुला हे काम पटेल? तू २५ हजार म्हणालीस. त्यात ते ८,५०० मिळव, झाले ३३,५००. सहा शूट होऊ शकतात पण दर महिन्याला सहा होणार नाहीत, एखादा महिना चारवर जाईल, मुलगी आजारी पडेल, तू आजारी पडशील, म्हणून सरासरी पाच धर. ३३,५०० भागिले ५ म्हणजे ६,७००, त्यात शूटचा खर्च २,२०० घाल. ८,९०० रुपये.

म्हणजे तू धीर करून जो आकडा सांगितलास ना ९,०००, तो अंदाजाने का होईना बरोबरच होता. चूक एवढीच की तो का बरोबर आहे हे तुला माहीत नव्हतं, म्हणून तीन जणी गप्प बसल्याबरोबर तुझा पाय घसरला.

आणि तीन म्हणजे किती गं? ३,५०० ला सुद्धा पंधरातल्या आठ जणी जातातच की, त्याचं तुला कधी वाईट वाटलं नाही. समज ९,००० ला पंधरातल्या फक्त चारच हो म्हणाल्या. चार गुणिले ६,८०० म्हणजे २७,२००, त्यातून ८,५०० गेले, १८,७०० उरले, आणि काम ६८ तास. आत्ता ११९ तास राबून ६०० उरतात. जवळजवळ निम्मं गिऱ्हाईक गेलं तरी तू आत्तापेक्षा कितीतरी बऱ्या जागी असशील. तेव्हा किती जणी गेल्या हे मोजणं थोडे दिवस बंद कर, निदान पंधरा-वीस जणींना नवा रेट सांगून होईपर्यंत तरी काही ठरवू नकोस.

पण म्हणून सगळ्यांना सरसकट ९,००० सांगत सुट असंही मी म्हणत नाहीये. सांगली-मिरज-जयसिंगपुरात काही घरांना ९,००० खरंच जड जातात, त्यात त्यांचं काही चुकत नाही. त्यांच्यासाठी रेट न पाडता काम छोटं कर. समज, एक छोटं पॅकेज आहे ४,५०० चं. दीड तास घरी, ८ फोटो, अल्बम नाही, पेनड्राइव्ह नाही, बाळाला बास्केटमध्ये वगैरे ठेवायचं नाही, गुंडाळलेलं बाळ त्याच्याच गादीवर, आईच्या हातात, आजीच्या मांडीवर, बाबांच्या तळहातात पावलं, बस. तुझा वेळ जाण्यायेण्यासकट सहा तास आणि खर्च चारशे. ४,१०० भागिले ६ कर, तासाला ६८० च्या वर पडतात. आणि मोठ्या पॅकेजला ६,८०० भागिले १७, म्हणजे तासाला ४००. मला स्वतःला हे बघून गंमत वाटली, स्वस्त पॅकेज तासामागे जास्त देतंय. कारण तुझे तास शूटमध्ये कमी आणि एडिटिंगमध्ये, अल्बममध्ये जास्त जातात. मग मोठ्या पॅकेजमध्ये २५ फोटो कशाला? १५ कर. अडीच तास वाचले. वरचा प्रत्येक फोटो ३०० रुपये असं लिहून ठेव, १५ बघितल्यावर आईबाबांना आणखी पाच हवेच असतात, ते आनंदाने घेतात.

आणि ते सगळे ओरिजिनल फोटो पेनड्राइव्हवर देणं आजपासून बंद. मला माहितीये लग्नाच्या फोटोग्राफरांनी सगळ्यांना हजार-दीड हजार फोटोंची सवय लावलीय आणि आपल्याकडे फोटो किलोवर मोजतात, पण तुझ्या त्या हजार क्लिकमधल्या नऊशेमध्ये बाळाचा डोळा अर्धा मिटलेला असतो नाहीतर तुझ्या मदतनीस मुलीचा हात आलेला असतो. ते फोटो लोक स्टेटसला टाकतात आणि खाली तुझं नाव लिहितात.

आता पुण्याच्या मैत्रिणींच्या १५-२० हजारांबद्दल. त्यांना स्टुडिओचं भाडं आहे, लोक बाळ घेऊन त्यांच्याकडे येतात, त्यांचं गणित वेगळं. पण मला वाटतं तू त्यांचा रेट घेतला नाहीस तरी त्यांचं पॅकेज जसंच्या तसं घेतलंयस आणि तिथेच खरी अडचण आहे. पाच ते पंधरा दिवसांचं झोपाळू बाळ, मुटकुळं करून ठेवलेलं, फरवर, टोपलीत, डोक्याला फुलांचा बँड, हे सगळं बाहेरून आलेलं आहे. आपल्याकडे त्या पंधरा दिवसांत काय चालू असतं? पहिलं बाळंतपण, म्हणजे मुलगी माहेरी. पाचवी, मग बाराव्या दिवशी बारसं, घर पाहुण्यांनी भरलेलं, बाळंतिणीचा शेक-मालिश, टाके दुखतायत, दूध येतंय-नाही येतंय याचं टेन्शन. आणि सव्वा महिना बाळ घराबाहेर काढायचं नाही. अशात तू बाराव्या दिवसाच्या आत चार तास द्या म्हणतेस तेव्हा नाही म्हणणारीला तुझा रेट नको असतो असं नाही, तिला ते चार तासच झेपत नसतात. विचारून बघ त्या तिघींना, बाळ किती दिवसांचं होतं आणि कुठे होतं.

म्हणून दोन-तीन गोष्टी वेगळ्या विक. सव्वा महिन्यानंतरचं शूट हे एक स्वतंत्र पॅकेज कर, तेव्हा बाळ मुटकुळं करून झोपणार नाही पण डोळे उघडून बघतं, नशीब असेल तर हसतंही, आणि आईच्या अंगावर जरा मांस आलेलं असतं, ती फोटोत यायला तयार होते. बारशाचा रेट तासावर ठेव, तो कार्यक्रम आहे, त्यात बाळाच्या शूटचं एडिटिंग धरू नकोस. आणि प्रॉप्सवरचा खर्च आवर, घरोघरी पाळणा आहे, पणजीच्या लुगड्याची गोधडी आहे, टोपडं-झबलं आहे, ते फुकट आहे आणि दहा वर्षांनी त्या घराला त्याचीच किंमत वाटणार आहे, परदेशी टोपलीची नाही. हे माझं मत, तुझ्या कोर्सवाल्या मॅडमना पटणार नाही.

पुढच्या वर्षभरातलंही बघ. उष्टावण, संक्रांतीचं बोरन्हाण, पहिला वाढदिवस. एकदा जिच्या घरी गेलीस ती परत तुलाच बोलावते, जाहिरातीचा खर्च नाही. तीन शूटचं वर्षाचं पॅकेज ठेवायला हरकत नाही पण त्यात भरमसाठ सूट देऊ नकोस, तिसरं शूट वर्षाने होणार आहे आणि तेव्हा पेट्रोल, अल्बम, तुझी मदतनीस सगळं महागलेलं असेल. पैसे प्रत्येक शूटच्या आधी घे, सगळे पहिल्यांदाच घेतलेस तर ते खर्च होऊन जातात आणि मग वर्षाने फुकट काम केल्यासारखं वाटतं.

अंतराबद्दल एक. तू तासगावला आणि विट्याला त्याच रेटमध्ये जातेस म्हणालीस. पहिले १५ किलोमीटर पॅकेजमध्ये, पुढचं वेगळं, असं छापूनच टाक. रिक्षावाला पण घेतो.

एका गोष्टीत मात्र काटछाट करायची नाही, आणि इथे मी जरा कडक बोलणार आहे. बाळाची सुरक्षितता. ते हनुवटी दोन्ही हातांवर टेकवलेले फोटो असतात ना, बेडकासारखे, ते दोन फोटो जोडून करतात, एकात कुणीतरी डोकं धरलेलं असतं, दुसऱ्यात मनगटं, हे तुला कोर्समध्ये शिकवलंय. रेट कमी असला की माणूस घाई करतो, मदतनीस मुलीचे ५०० वाचवतो, आणि बाळाला एकटं टोपलीत ठेवून कॅमेऱ्यामागे जातो. तसं कधी करायचं नाही. मोठ्या पॅकेजमध्ये मदतनीस धरलेलीच आहे आणि छोट्या पॅकेजमध्ये पोझ नाहीतच, आजी किंवा मावशी हाताच्या अंतरावर बसलेली, हे मी मुद्दाम तसं ठरवलंय. हीटरचा झोत बाळावर नको, तुला सर्दी-खोकला असेल तर शूट पुढे, गिऱ्हाईक चिडलं तरी पुढे. ते शूट पुढे ढकलणं तुला परवडलं पाहिजे, म्हणून पण रेट.

बुकिंग सातव्या-आठव्या महिन्यातच घे, २,००० ॲडव्हान्स. डॉक्टरांनी दिलेली तारीख ही अंदाजाची असते, बाळ दोन आठवडे आधी येतं नाहीतर नंतर, म्हणून एका महिन्यात सहा जागा असतील तर ड्यू डेटवाल्या चारच घे आणि दोन सव्वा महिनावाल्यांना किंवा वाढदिवसाला ठेव, त्यांची तारीख हलवता येते. कावीळ झाली, पेटीत ठेवलं, टाके दुखतायत, काहीही असलं तरी तारीख पुढे, जास्तीचा एक रुपया नाही. आणि कधी काही वाईट झालं, तर ॲडव्हान्स त्याच दिवशी पूर्ण परत, कारण न विचारता, आणि तो नंबर तुझ्या जाहिरातीच्या ब्रॉडकास्ट लिस्टमधून लगेच काढायचा. हे अटींच्या कागदावर लिहू नकोस, स्वतःशी ठरवून ठेव.

इन्स्टावर फोटो टाकायचे म्हणून सूट देतेस तेही तपासून घे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, पैसे देऊन कुणी फोटो काढून घेतला आणि वेगळा काही करार नसला, तर त्या फोटोचा पहिला मालक पैसे देऊन काढून घेणारा असतो, फोटोग्राफर नव्हे. म्हणजे तो फोटो टाकायला तुला परवानगी हवी, तीही लेखी, व्हॉट्सॲपवर का होईना. कुणी दृष्टीच्या भीतीने नाही म्हणालं तर वाद घालायचा नाही आणि त्याचे जास्त पैसेही लावायचे नाहीत. बऱ्याच जणी पावलांचा, मुठीचा फोटो टाकायला हो म्हणतात, तेवढ्याने तुझं काम दिसतं.

सरकारी बाजू पटकन. महिन्याला पाच शूट ९,००० ने म्हणजे वर्षाला ५ लाख ४० हजार, सेवेसाठी जीएसटीची मर्यादा आपल्याकडे वर्षाला २० लाखांची आहे, तेव्हा तुला सध्या नोंदणी लागत नाही आणि नोंदणी नसताना बिलावर जीएसटी लावायचा नसतो, काही जण लावतात. उद्यम नोंदणी (छोट्या धंद्यांची सरकारी नोंदणी) ऑनलाइन फुकट होते, त्याचे कुणी हजार-दोन हजार मागत असेल तर देऊ नकोस. धंद्याचं बँक खातं वेगळं काढ, हे सगळ्यात आधी.

आता सासूबाई. त्यांचं म्हणणं मला अगदीच टाकाऊ वाटत नाही. तान्ह्या बाळाच्या घरी जाऊन पैशाचं बोलणं अवघड जातं हे खरं आहे, विशेषतः त्या घरात नुकताच हॉस्पिटलच्या बिलाचा आकडा ऐकलेला असतो. पण त्यावर उपाय पैसे कमी घेणं हा नाही, बोलणं आधी उरकणं हा आहे. पूर्ण पैसे शूटच्या आदल्या दिवशी ऑनलाइन. बाळासमोर, आजीसमोर, निघताना दारात पैशाचा विषय निघताच कामा नये. आणि त्यांना हेही विचार की बाळ-बाळंतिणीला न्हाऊमाखू घालायला येणाऱ्या बाई महिन्याचे किती घेतात. त्यांना तर कुणी म्हणत नाही की तान्ह्याचे पैसे कसे मागवतात.

नातेवाइकांचा प्रश्न पत्राच्या तळाशी एका ओळीत लिहिलायस पण तो मोठा दिसतोय, चुलत नणंदेचं बाळ, मावसबहिणीचं बाळ, सगळ्यांना "घरचंच आहे" म्हणून १,५००. अर्धा रेट कधीही घेऊ नकोस. १,५०० मध्ये तुझा खर्चही निघत नाही आणि त्यांना वाटतं आपण पैसे दिले, म्हणजे उपकार कुणाचेच नाहीत, वर अल्बमच्या चुका काढायला मोकळे. वर्षाला दोन शूट पूर्ण भेट, बारशाचा आहेर म्हणून, आणि बिल बनवून द्यायचं, ९,००० लिहून त्यावर "मावशीकडून सप्रेम भेट". बाकी सगळे पूर्ण रेट. कोणत्या दोन ते तू ठरव, तिथे मी पडत नाही.

९९९ ची ऑफर टाकू नकोस. त्यात येणाऱ्या बायका ९९९ साठी येतात आणि पुढच्या वेळी ९९९ वालीच शोधतात, शिवाय ज्यांनी गेल्या महिन्यात ३,५०० दिले त्या ती पोस्ट बघतात.

हे वाचणाऱ्या केकवाल्या, मेंदीवाल्या, ब्लाउज शिवणाऱ्या, पैठणीच्या पर्स करणाऱ्या मैत्रिणींनो, आकडे बदला आणि हाच हिशेब करा. आधी एका कामाचे खरे तास, त्यात फोनवर बोलणं आणि भांडी घासणं पण आलं, मग खर्च, मग महिन्याला अशी कामं किती झेपतात, आणि रेट सगळ्यात शेवटी. बहुतेक जणी शेजारणीच्या रेटपासून सुरुवात करतात, आणि शेजारणीने तो तिच्या शेजारणीला विचारून ठरवलेला असतो.

रेट बदलायची पद्धत: ज्यांचं बुकिंग झालंय त्यांना जुनाच रेट, शब्द दिलाय तो पाळायचा. नवीन सगळ्यांना १ तारखेपासून नवा. जुन्या गिऱ्हाइकांना एकदा मेसेज कर की अमुक तारखेपासून रेट बदलतायत, कारण द्यायची गरज नाही, माफी तर अजिबात मागायची नाही. सहा महिने एका वहीत लिही, किती जणींनी विचारलं, काय सांगितलं, काय झालं, बाळ किती दिवसांचं होतं. मग वाटलं तर बदल.

राहिली ती तासगावची मुलगी, जिने परवा "रेट काय आहे?" एवढंच विचारलंय आणि तू अजून उत्तर दिलेलं नाहीस. तिला नुसता आकडा पाठवू नकोस. विचारतेय ती बाळंतीण, पण ठरवणार तिचा नवरा, तिची आई, कदाचित सासरची मंडळी, त्यामुळे मेसेज असा हवा की तिने तो तसाच पुढे पाठवला तरी कुणाला काही विचारायला लागू नये. असं काहीतरी लिही:

"अभिनंदन! बाळ किती दिवसांचं आहे आणि सध्या कुठे आहात ते सांगा, त्याप्रमाणे कोणतं शूट बरं पडेल ते सुचवते. घरीच येऊन करते, बाळाला बाहेर न्यायला लागत नाही. छोटं शूट दीड तास, ८ फोटो, ४,५०० रुपये. मोठं शूट साधारण ४ तास, मदतनीससह, १५ फोटो आणि अल्बम, ९,००० रुपये. तासगावला येण्याजाण्याचे ३०० वेगळे. सव्वा महिना झाल्यावर केलं तरी चालेल, रेट तोच. फोटो तुमच्या परवानगीशिवाय कुठेही टाकत नाही."

मग ती बहुतेक विचारेलच, फायनल किती? तर मोठ्या शूटमधला अल्बम काढून ७,५०० सांग, किंवा छोटं शूट घ्या म्हण. ९,००० चे ८,००० मात्र करू नकोस.